पेशंटच्या घरी माणूस पाठवताना: होम केअर ब्यूरोतल्या कोऑर्डिनेटरचं काम

ड्यूटीची_डायरी

गेल्या आठवड्यात इथे कुणीतरी विचारलं होतं की आजारी आईसाठी ब्यूरोतून बाई घ्यायची तर काय बघावं. उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे. मी पुण्यात नऊ वर्षं हेच काम करते. पेशंटच्या घरी मावश्या, ब्रदर, सिस्टर पुरवणाऱ्या ब्यूरोत कोऑर्डिनेटर. पहिली तीन वर्षं एका ठिकाणी, पुढची सहा आत्ताच्या ठिकाणी. दोन्हींची नावं लिहिणार नाही.

रात्री पावणेनऊला फोन येतो. "उद्या डिस्चार्ज आहे, सकाळी आठला बाई पाहिजे." माझ्या टेबलावर दोन मोबाइल, एक डायरी आणि समोर भिंतीवर पांढरी पाटी. पाटीवर तीन रकाने: चालू, रिलिव्हर म्हणजे दुसरीच्या जागी बदलीला जाणाऱ्या, आणि घरी बसलेल्या. घरी बसलेली म्हणजे जिला सध्या केस नाही, म्हणजे तिचा रोज बंद. त्या रकान्यात एखादं नाव आठ दिवस तसंच राहिलं की माझा जीव वरखाली व्हायला लागतो.

आमच्याकडे साठेक जणी आहेत आणि दहा-बारा पुरुष. निम्म्या जणी इथल्याच, वारजे, धायरी, जनता वसाहत, येरवडा अशा भागांतल्या. घरी मुलंबाळं असल्यामुळे त्या बारा तासांची ड्यूटी घेतात. बाकीच्या लातूर, नांदेड, परभणी, यवतमाळकडच्या. त्यांना चोवीस तास राहूनच केस हवी असते, कारण त्यात खोलीचं भाडं वाचतं, जेवण सुटतं आणि पगार जवळजवळ सगळाच गावी पाठवता येतो. पण याचा दुसरा अर्थ पार्टीच्या, म्हणजे बाई ठेवणाऱ्या घरच्यांच्या, लक्षात येत नाही. पेशंटचं घर हेच तिचं पुण्यातलं घर असतं. पहाटे चारला आजी गेल्या, की दहा वाजता ती बाई कापडी पिशवी आणि गाठोडं घेऊन आमच्या ऑफिसच्या बाकावर येऊन बसलेली असते. आठ महिने ज्या आजींना तिनं अंघोळ घातली, भरवलं, त्या गेल्यात. त्याच तासाला तिचं कामही गेलंय आणि छप्परही. मी आधी चहा सांगते, मग पाटीकडे बघते.

आता मुद्द्याचं. या धंद्यात बाया टिकत नाहीत, रोज रिप्लेसमेंट मागावी लागते, ही सगळ्यांची तक्रार. नऊ वर्षांच्या डायऱ्या चाळल्यावर माझं मत असं झालंय की बहुतेक केसेस पहिल्या फोनवरच बिघडतात. पार्टी पेशंटबद्दल खरं सांगत नाही आणि ब्यूरो बाईबद्दल खरं सांगत नाही. मधल्या मध्ये ती बाई आणि तो पेशंट एका खोलीत सापडतात.

पहिल्या वर्षातली एक केस सांगते. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा एकदम शांत आहेत, फक्त सोबत हवी." मी एक पंचेचाळीस किलोची, हाडापेरानं बारीक अशी मावशी पाठवली. बाबांना डाव्या अंगाचा पॅरालिसिस होता, वजन पंच्याऐंशीच्या पुढे. रात्री ते लघवीची नळी ओढून काढायचे आणि उठायला बघायचे. तिसऱ्या रात्री बेडवरून घसरताना मावशीनं त्यांना एकटीनं सावरलं. बाबांना काही झालं नाही. तिची मात्र कंबर धरली आणि ती तीन आठवडे घरी बसली, बिनपगारी. मुलगा खोटं बोलला असं मी म्हणू शकते, पण मी त्याला वजन विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या डायरीत प्रत्येक केसच्या नावापुढे पहिला आकडा वजनाचा असतो.

आणि आमच्या बाजूचं खोटं. त्या पहिल्या ब्यूरोत मला शिकवलं होतं की पार्टीनं विचारलं तर "ट्रेन्ड सिस्टर आहे" असंच म्हणायचं. नाकातून नळी असलेल्या एका आजींकडे आम्ही अशी बाई पाठवली, जिनं नळीनं भरवणं फक्त लांबून पाहिलं होतं. तिनं आजींना आडवं ठेवूनच दूध दिलं. आजींना ठसका लागला, धाप लागली, रात्रीतून परत ॲडमिट करावं लागलं. त्या वाचल्या. पण त्या बाईनं मला फोनवर विचारलं, "मॅडम, तुम्ही तर म्हणालात सोपं असतं." तिचा तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. पुढच्या दोन महिन्यांत मी ती नोकरी सोडली.

म्हणून आता पहिला फोन दहा मिनिटांचा तरी करतेच. पेशंटचं वजन. संडास-बाथरूमला चालत जातात का. नळी, कॅथेटर, जखम. रात्री किती वेळा उठतात. विसरतात का, रागावतात का, हात उगारतात का. रात्री घरात आणखी कोण असतं. आणि शेवटी, बाई झोपणार कुठे, जेवणार काय, संडास कुठलं वापरणार. या शेवटच्या तीन प्रश्नांना उत्तर देताना लोक थबकतात. तिथे मला त्या घराबद्दल बरंच कळतं.

सिंहगडरोडकर

मनापासून लिहिलंय तुम्ही. पण मी पार्टीच्या बाजूनं बोलणार. माझ्या आईला डिमेन्शिया आहे, वय ८१. मागच्या एका महिन्यात सहा बायका बदलल्या. दर वेळी आईला नवीन चेहरा, दर वेळी ती घाबरते, दर वेळी मी औषधं पहिल्यापासून समजावून सांगतो. एक तर दुसऱ्या दिवशी आलीच नाही, फोन बंद. ऑफिसला आठला निघायचं होतं, बारापर्यंत घरी बसलो. ब्यूरोवाले म्हणाले "पाठवतो, पाठवतो". आगाऊ महिन्याचे पैसे भरलेले. अशा वेळी माणसानं काय करायचं?

ड्यूटीची_डायरी

सिंहगडरोडकर, तुमचा राग रास्त आहे. फोन बंद करून न येणं चूकच, तिची बाजू घेत मी ते झाकणार नाही.

पण असं का होतं ते सांगते. कुणाला दुसऱ्या ब्यूरोतून पन्नास रुपये रोज जास्त मिळतात. कुणाचं मूल तापलेलं असतं. आणि पुष्कळ जणी पहिल्याच रात्री इतक्या घाबरतात की "मला जमणार नाही" हे सांगायचीही त्यांना भीती वाटते, कारण ब्यूरोत ओरडा बसतो आणि मागचे पैसे अडकतात. आमच्याकडे आम्ही दोन गोष्टी बदलल्या. "जमत नाही" असं रात्री दहाच्या आत कळवलं तर एक रुपया कापायचा नाही. आणि केस सोडली तरी झालेल्या दिवसांचा हिशोब सात दिवसांत चुकता करायचा. त्यानंतर फोन बंद होणं खूपच कमी झालं. आता निदान आदल्या रात्री कळतं आणि मला रिलिव्हर शोधायला वेळ मिळतो.

आगाऊ पैशांबद्दल: रिप्लेसमेंट किती तासांत मिळणार आणि न आलेल्या दिवसाचे पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्या. जो ब्यूरो लिहून देत नाही तिथे महिन्याचे पैसे एकदम भरू नका, आठवड्याचे भरा.

एक विचारू का? आईंबद्दल फोनवर नेमकं काय सांगितलं होतंत?

सिंहगडरोडकर

विसरतात, असं सांगितलं होतं. संध्याकाळी सहानंतर ती फार अस्वस्थ होते, "मला माझ्या घरी जायचंय" म्हणत दार वाजवते, अडवलं तर चिमटे काढते, एकदा चावलीसुद्धा. हे नाही सांगितलं. सांगितलं तर कुणीच येणार नाही असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर आईबद्दल असं परक्या माणसाला सांगणं जिवावर येतं.

ड्यूटीची_डायरी

जिवावर येतं, मला समजतं. माझ्या सासूबाईंच्या वेळी मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

पण आमच्याकडे पाच-सहा जणी अशा आहेत ज्यांनी वर्षानुवर्षं डिमेन्शियाच्याच केसेस केल्यात. संध्याकाळी पेशंट बिथरतो हे त्यांना माहीत असतं. एक मावशी सहा वाजले की आजींना घेऊन सोसायटीच्या दोन फेऱ्या मारते, "चला, तुमच्या घरी जाऊन येऊ" म्हणते आणि परत त्याच दारात आणून "आलं बघा घर" म्हणते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. चावणाऱ्या पेशंटकडे जायला ती तयार असते, फक्त तिला ते आधी माहीत हवं. न सांगता पाठवली तर पहिल्याच चाव्याला तिला वाटतं की आपल्याला फसवलं.

निवृत्त_सिस्टर

मी ३४ वर्षं नोकरी केली, बरीचशी मेडिसिन वॉर्डात. थोडं स्पष्ट लिहिते, कारण लोक सगळ्यांना सरसकट सिस्टर म्हणतात.

नर्सिंगचे कोर्स तीन: बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचं, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं. नर्स म्हणून काम करणारीची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असायला हवी. तो नोंदणी क्रमांक मागा, मागायला लाजू नका. अटेंडंट किंवा जीडीए (जनरल ड्यूटी असिस्टंट) म्हणतात ते वेगळे, त्यांचा कोर्स काही महिन्यांचा असतो, आणि बऱ्याच जणी अनुभवानंच शिकलेल्या असतात. त्यांना मी मुळीच कमी लेखत नाही. स्पंजिंग, कूस बदलणं, डायपर, भरवणं, चालवणं ही कामं कित्येक जणी आमच्यापेक्षा मायेनं करतात. पण इंजेक्शन, सलाइन, ट्रेकीचं (गळ्यातून श्वासासाठी बसवलेल्या नळीचं) सक्शन, कॅथेटर घालणं-बदलणं ही त्यांची कामं नाहीत. घरच्यांनी पैसे वाचवायला अटेंडंटकडून सक्शन करवून घेणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ.

वर नळीनं भरवण्याचा उल्लेख आलाय म्हणून सांगते. डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी. नळी जागेवर आहे याची खात्री आधी, मग फीड. फीड सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्यानं ढकलायचं नाही. शेवटी पाणी घालून नळी धुवायची. त्यानंतर निदान अर्धा तास पेशंटला आडवं करायचं नाही. मध्येच खोकला आला, श्वास बिघडला की तिथेच थांबायचं. आणि हे सगळं नर्सनं समोर उभं राहून दाखवल्याशिवाय कुणी करू नये.

कूस दर दोन तासांनी बदलायची, एअर बेड असला तरीसुद्धा. एअर बेड घेतला म्हणजे झालं असं समजून पाठीला जखमा झालेले पेशंट मी खूप पाहिले. युरिन बॅग कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीवर टेकलेली नको.

दूरदेशी_लेक

मी न्यू जर्सीत असते, बाबा कोथरूडला एकटे. धागा दोनदा वाचला. माझा प्रश्न कॅमेऱ्याबद्दल आहे. बाबांच्या खोलीत कॅमेरा लावला तर आधीची बाई दुसऱ्या दिवशी निघून गेली. मला तिच्यावर पाळत ठेवायची नव्हती. इतक्या लांबून बाबा दिसावेत, जेवले का कळावं, एवढंच हवं होतं. यात माझं काय चुकलं?

ड्यूटीची_डायरी

ताई, कॅमेरा लावण्यात चूक नाही. ती झोपायची कुठे?

दूरदेशी_लेक

बाबांच्याच खोलीत, खाली गादी टाकून. रात्री त्यांना उठवावं लागतं म्हणून.

ड्यूटीची_डायरी

मग तिची झोप, तिचं साडी सारखी करणं, सगळंच त्या कॅमेऱ्यात येत होतं. चोवीस तासांत एक क्षण तिला कुणी बघत नाही असा नव्हता.

मी पार्टीला असं सुचवते. कॅमेरा आहे हे केस घ्यायच्या आधी सांगा. तो फक्त पेशंटच्या बेडवर रोखलेला असू द्या, तिची गादी त्याच्या टापूबाहेर किंवा पडद्याआड. स्पंजिंग, डायपरच्या वेळी कॅमेऱ्यावर कापड टाकायची तिला मुभा द्या, बाबांचीही अब्रू आहेच. आणि तिच्याशी रोज दोन मिनिटं बोला. तुम्ही बहुधा तिकडे रात्री झोपायच्या आधी फोन करता. इथे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात, म्हणजे ड्यूटी बदलायची आणि अंघोळीची वेळ. ती हातातलं काम टाकून फोन धरते, नाहीतर धरत नाही आणि तुम्हाला वाटतं टाळते आहे. वेळ ठरवून घ्या, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

दूरदेशी_लेक

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अगदी बरोबर, मी साडेदहाला झोपायला जाताना फोन करते. धन्यवाद ताई.

मावशीची_मुलगी

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

माझी आई परभणी जिल्ह्यातली. बाबा गेल्यावर मला आणि भावाला आजीकडे ठेवून पुण्याला आली आणि अकरा वर्षं चोवीस तासांच्या केसेस केल्या. महालक्ष्म्यांना यायची आणि एकदा उन्हाळ्यात, चार-पाच दिवस. बाकी आई म्हणजे रात्री नऊचा फोन. फोनवर ती कुजबुजत बोलायची, कारण पेशंट झोपलेला असायचा. मला वाटायचं आईचा आवाजच तसा आहे. ती घरी आली की तिचं मोठ्यानं बोलणं ऐकून मी दचकायचे.

तिला चांगली माणसंही भेटली. एका आजोबांनी तिला सही करायला शिकवली, तोवर ती हजेरीच्या कार्डावर अंगठा द्यायची. त्या आजोबांचा फोटो अजून आमच्या घरी आहे. आणि अशी घरंही होती जिथे तिचा कप वेगळा, बाथरूमच्या खिडकीत ठेवलेला. ब्यूरोतून फोन यायचा तेव्हा आडनाव आधी विचारायचे, काम नंतर. पेशंटचं अंग तिनं पुसलेलं चालायचं, तिनं भरलेला पाण्याचा तांब्या चालायचा नाही. आई हे रडत सांगायची नाही. सांगायची आणि पुढच्या विषयावर जायची. राग मला यायचा.

२०२० च्या मार्चमध्ये एसटी बंद झाली तेव्हा ती एका केसवर होती. दोन महिने तिथून बाहेर पडता आलं नाही. त्या घरच्या वहिनींनी तिला रोज व्हिडिओ कॉल लावून दिला, महिन्याच्या महिन्याला पैसे माझ्या खात्यात टाकले. हेही लिहिलं पाहिजे.

मी आता जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वरच्या निवृत्त सिस्टरांनी अटेंडंटबद्दल जे लिहिलं ते आईला वाचून दाखवलं. "मायेनं करतात" हे तिनं परत वाचायला लावलं.

निवृत्त_सिस्टर

बाळा, आईंना माझा नमस्कार सांग. परीक्षेच्या वेळी काही अडलं तर मला इथे व्यक्तिगत निरोप पाठव.

ड्यूटीची_डायरी

मावशीची_मुलगी, तुझं लिहिलेलं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

आडनावाबद्दल मलाही लिहायला हवं, कारण तो फोन मीच घेते. आजही येतो. कुणी सरळ विचारतं, कुणी "घरात देवाचं असतं हो" असं आडून सुचवतं. सुरुवातीला मी आडनाव सांगून टाकायचे, केस जाऊ नये म्हणून. आता सांगत नाही. "मावशींना नळीचा आठ वर्षांचा अनुभव आहे, तब्येत चांगली आहे, रात्री जागतात. तुम्हाला यातलं काय हवंय?" असं विचारते. त्यावर काही जण फोन ठेवतात. मालकांशी यावरून माझं दोनदा वाजलं. पण अशा घरी रेटून बाई पाठवली तर त्रास तिला होतो, मला नाही, हेही मी शिकले. म्हणून कप-बशीचा प्रश्न मी पहिल्या फोनवरच विचारते, "जेवण घरातलंच, त्याच भांड्यात ना?" असा, अगदी साधा. नाही म्हणाले तर ती केस आम्ही घेत नाही.

कोर्टाची_पायरी

कामगारांच्या बाजूनं वकिली करते, म्हणून चार गोष्टी.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाचं ठिकाण मानतो. ब्यूरोत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवून देऊ शकते. पेशंटच्या नातेवाइकानं रात्री त्रास दिला तर "केस बदलून देतो" एवढ्यावर ब्यूरोनं विषय मिटवू नये. ती बाई निघून येते आणि तिच्या जागी दुसरी त्याच घरात जाते.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी त्यात होते. माणसं पुरवणाऱ्या खासगी एजन्सींवर नियंत्रण ठेवणारा वेगळा कायदा छत्तीसगडनं २०१३ मध्ये केला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. तसा कायदा होईपर्यंत बाई, ब्यूरो आणि पार्टी तिघांच्या सह्यांचा एक कागद करा. कामाचे तास, साप्ताहिक सुटी, रोज, कोणती कामं करायची नाहीत, एवढं मराठीत असलं तरी पुरे. भांडण झालं की तोच कागद उपयोगी पडतो.

काटकसरी_कुटुंब

एक व्यावहारिक शंका. ब्यूरो मध्ये कशाला? आम्ही दोन महिन्यांनी बाईंशी थेट बोललो, ब्यूरोला देत होतो त्यातले थोडे वाचले, त्यांनाही थोडे जास्त मिळाले. दोघं खूश.

ड्यूटीची_डायरी

आकड्यांतच सांगते, आमच्याकडचे. चोवीस तासांच्या साध्या केसला पार्टी महिन्याला २७ हजार भरते, मावशीला २१ मिळतात. मधल्या सहांत ऑफिस, माझा पगार, पोलीस व्हेरिफिकेशनची धावपळ, रिलिव्हर आणि मालकांचा नफा. जो ब्यूरो यातलं काहीच करत नाही, फक्त एकदा नंबर देतो आणि दरमहा पैसे कापतो, त्याच्यापेक्षा तुमचा थेट व्यवहार बाईसाठी चांगला, हे मी मान्य करते. माझ्या मालकांना हे आवडणार नाही.

पण थेट ठेवलंत तर मग ब्यूरोची जबाबदारीही तुमचीच. ती आजारी पडली तर? तिची आठवड्याची सुटी कोण भरून काढणार? चोवीस तास म्हणजे चोवीस तास जागं राहणं नव्हे. रात्री सलग निदान पाच-सहा तास झोप आणि दुपारी दोन तास पडायला मिळालं नाही तर तिसऱ्या आठवड्यात ती माणूस म्हणून संपते. औषधांच्या चुका तेव्हाच होतात. तुमच्या पेशंटला रात्री चार वेळा उठवावं लागत असेल तर चोवीस तासांची एक बाई पुरणार नाही, बारा-बारा तासांच्या दोन लागतील. ते परवडत नसेल तर घरातल्या कुणीतरी आळीपाळीनं रात्र वाटून घ्यावी.

काटकसरी_कुटुंब

साप्ताहिक सुटी आम्ही देत नव्हतो. त्यांनी मागितली नाही म्हणून. या रविवारपासून देतो.

नाशिकची_नवी

नमस्कार. मला नाशिकमध्ये अशाच एका ब्यूरोत कोऑर्डिनेटरची नोकरी मिळते आहे, पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय. आधी कुरियर कंपनीत होते, माणसं आणि गाड्या लावायचं काम येतं. इथे काय वेगळं असेल? भीती वाटते आहे.

ड्यूटीची_डायरी

गाड्या लावण्याचा अनुभव पहिल्या आठवड्यात उपयोगी पडेल, कारण पाटी सांभाळायला येईल. नंतरचं सांगते.

रुजू झाल्यावर एक रात्र तरी एखाद्या मावशीबरोबर ड्यूटीवर बस. पार्टीची परवानगी घेऊन, खुर्चीत. रात्री अडीचला डायपर बदलताना पेशंटला एका कुशीवर धरून ठेवायला किती जोर लागतो ते हाताला कळलं की फोनवरचे तुझे प्रश्न आपोआप बदलतील.

नवीन बाईची मुलाखत घेताना "काय काय येतं" असं विचारू नकोस, सगळं येतं असंच सांगतात, पोट असतं. "मागच्या केसला सकाळी उठल्यापासून काय काय करायचात ते सांगा" असं विचार. जिनं खरंच केलंय ती सांगताना हात हलवते. कूस बदलणं सांगताना तिचे तळवे आपोआप पेशंटच्या खांद्याखाली आणि कमरेखाली गेल्यासारखे होतात. मी तेच बघते. आणि आधार कार्ड, पोलीस व्हेरिफिकेशन, घरच्या एका माणसाचा नंबर हे पहिल्याच दिवशी. तो नंबर पार्टीसाठी नाही, तिला काही झालं तर कळवायला आपल्याला लागतो.

सकाळी आठच्या बदलीला जुनी बाई नवी आल्याशिवाय निघू शकत नाही, हे कायम डोक्यात ठेव. नवीला बस मिळाली नाही तर रात्रभर जागलेली जुनी तिथेच अडकते. त्यामुळे पावणेआठला एक फोन कर, रोज.

दिवाळीची यादी पितृपक्षातच करायला घे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत कोण गावी जाणार, कोण थांबणार, थांबणारीला जादा रोज किती, हे पार्टीला महिनाभर आधी कळव. थांबतात त्यांतल्या बऱ्याच जणी एकट्या असतात. दोन वर्षं झाली, मी पाडव्याला अशा सगळ्यांच्या केसवर जाऊन फराळाचा डबा देऊन येते.

आणि रात्रीचा फोन. आम्ही दोघी जणी एक दिवसाआड घेतो. एकटीनं रोज घेऊ नकोस, हे नोकरी पत्करतानाच बोलून ठेव.

नाशिकची_नवी

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. सोमवारनंतर कळवते.

सिंहगडरोडकर

पुन्हा आलो. परवा दुसऱ्या एका ब्यूरोला फोन केला आणि या वेळी सगळं सांगितलं. संध्याकाळचं, चिमट्यांचं, चावण्याचं. पलीकडच्या बाई शांतपणे लिहून घेत होत्या. म्हणाल्या, अशा केसची सवय असलेल्या एक मावशी गुरुवारी मोकळ्या होतील, तीन दिवस थांबाल का. थांबतो म्हणालो. तुम्ही लिहिलेली संध्याकाळची फेरी काल मीच करून पाहिली. आई गेटपर्यंत आली, वॉचमनशी बोलली, परतताना मात्र जिन्यात अडून बसली. वीस मिनिटं तिथेच बसलो आम्ही दोघं, मग वर आली.

एकच अडलं. त्यांनी वजन विचारलं आणि मला सांगता आलं नाही. आई वजनकाट्यावर उभी राहत नाही, घाबरते. काय करू?

ड्यूटीची_डायरी

शेवटचं डिस्चार्ज कार्ड काढून बघा, बऱ्याचदा त्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर आईंना खुर्चीत बसवा, खुर्चीसकट वजन करता येतं असा काटा जवळच्या फिजिओथेरपीच्या ठिकाणी किंवा हॉस्पिटलमध्ये असतो, खुर्चीचं वजन वजा करायचं. तेही जमत नसेल तर तुमचं आणि त्यांचं अंग शेजारी बघून अंदाजानं सांगा आणि "अंदाजे" हा शब्द त्यांना लिहून घ्यायला सांगा. जिन्यात बसल्यावर उठवायला किती जोर लागला तेही सांगा. गुरुवारी मावशी आल्या की सहाच्या आधी, पाच वाजताच त्यांची आणि आईंची ओळख करून द्या.